वायव्य कोपऱ्यातला लाल प्रेस

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

सावळीरामचा फोन. हा गडी रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण अजून युनियनचा सेक्रेटरी असल्यासारखाच बोलतो. म्हणाला, "मिस्तरी, अंबडची आपली शेड पाडतायत. दसरा झाला की जेसीबी लागणार." नव्या मालकाकडून त्यानं खंडेनवमीच्या शेवटच्या पूजेची परवानगी काढली आहे. जुने सगळे येणार, बायकामुलांसकट, पूर्वी यायचे तसे.

 छत्तीस वर्षं त्या कारखान्याच्या शेडमध्ये काढली मी, त्यातली तीस टूलरूममध्ये, अवजारं आणि मशीनचे भाग घडवण्या-दुरुस्त करण्यात. घरात जेवढे श्वास घेतले नसतील तेवढे तिथे कूलंटच्या वासात घेतले. तर बोलता बोलता बोलून गेलो, "मी शेडचं मॉडेल करतो. चौऱ्याऐंशी साली होती तशी." सावळीराम म्हणाला, "बघा हं मिस्तरी, मी सगळ्यांना सांगतोय." सांगितलंसुद्धा असेल एव्हाना.

इंदिरा म्हणाली, "करा. पण जेवायचं टेबल मिळणार नाही." मग तासाभरानं स्वतःच टेबलावरची बरणी, मिठाचा डबा आणि वर्तमानपत्रं उचलून नेली. चाळीस वर्षांच्या संसारात हिचं 'नाही' मला कळायला लागलंय.

प्रमाण ठरवलं: एक मीटरला दोन सेंटीमीटर. म्हणजे शेड होते एकशेवीस सेंटीमीटर लांब, अठ्ठेचाळीस रुंद. वर करवतीच्या दात्यांसारखं छप्पर. तेच कापायला अवघड जाणार.

१४ ऑगस्ट

रविवार कारंजाजवळच्या दुकानात गेलो. सनबोर्ड, माउंट बोर्ड, थोडं बाल्साचं लाकूड, पारदर्शक शीट. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "काका, कटर कुठलं देऊ? छोटं की मोठं?" मी म्हटलं, "कापायचं काय आहे ते विचार आधी." तिनं बिचारीनं दोन्ही कटर पुढे ठेवली. मग मीच शिकवलं तिला. जाड बोर्डाला रुंद पात्याचं मोठं कटर, कारण अरुंद पातं बोर्डात वाकतं आणि कड तिरपी येते. खिडक्यांच्या चौकटींसारख्या बारीक कामाला पेनासारखा धरायचा चाकू. बाल्साला बारीक दात्यांची करवत. आणि पट्टी स्टीलचीच, प्लॅस्टिकची पट्टी पातं खातं आणि मग ते पट्टीवर चढतं. मागे चार गिऱ्हाइकं उभी होती. एक जण म्हणाला, "काका, क्लास घेता का?"

कटर घेतलं, पण खरं सांगायचं तर मला त्या तुकडे मोडून टाकायच्या पात्यांचा राग येतो. धार गेली की तुकडा मोडा आणि फेका! ही काय पद्धत झाली? आमच्या टूलरूममध्ये काही फेकत नव्हते. मला काम शिकवणारे उस्ताद म्हणायचे, "पोलाद टाकणारा मिस्तरी नसतो, भंगारवाला असतो." माझ्या पेटीत जुन्या हॅक्सॉ ब्लेडचे घासून केलेले सात चाकू आहेत, सगळ्यात जुना त्र्याऐंशीचा. काढले, तेल पुसलं, अंगठ्याच्या नखावर धार बघितली. अजून नख धरतात.

१९ ऑगस्ट

शेडचा नकाशा आठवून काढला. एका बैठकीत! कागदावर हात ठेवला आणि सगळं आपोआप येत गेलं. दक्षिणेला मोठं फाटक, त्याच्या डावीकडे टाइम ऑफिस, पंचिंगचं घड्याळ नेहमी दोन मिनिटं पुढे. मग लेथची रांग, सहा. तिसऱ्या लेथवर नांदगावचा एक होता, तो दुपारच्या पाळीला भजनं म्हणायचा आणि त्याच्या तालावर आख्खी रांग टूल बदलायची. पूर्वेला माझी टूलरूम, जाळीची. सर्फेस ग्राइंडरच्या मागे आम्ही डबे गरम करायचो. एक वाजता शेडभर दहा-वीस घरांच्या भाज्यांचा वास सुटायचा आणि कोणाच्या घरी काय शिजलं ते न विचारता कळायचं. ते दिवस गेले म्हणजे काय गेलं, हे आता कोणाला सांगून पटत नाही. आमच्या स्वानंदीला सांगितलं तर पुण्याहून फोनवर म्हणते, "बाबा, बारा तास उभं राहायचात तुम्ही!" राहायचो. पण एकटे नव्हतो उभे.

इंदिरा चहा घेऊन आली, नकाशा बघितला. म्हणाली, "हा कोपरा मोकळा का?"

"तिथे स्टोअर होतं. किरकोळ सामान."

"तिथे प्रेस होते ना? एक लाल होता मोठा. खंडेनवमीला मी त्याला झेंडूची माळ घातली होती एकदा."

आता पूजेला दर वर्षी घरची माणसं यायची, त्यात हिला काय काय लक्षात राहिलंय! मी म्हटलं, प्रेस नंतर आले आणि नंतर गेले, चौऱ्याऐंशीच्या मॉडेलमध्ये ते बसत नाहीत. वायव्य कोपरा मोकळाच ठेवतो. तिथे तसंही विशेष काही नव्हतं.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. टेबल आरास करायला मागितलं गेलं. दिलं नाही. भांडण. शेवटी गणपती फ्रिजशेजारी बसले.

३ सप्टेंबर

चारही भिंती कापून झाल्या. एकशेचौदा खिडक्या! कापायचं तंत्र एकदा हाताला लागलं की मन मोकळं फिरायला लागतं. पहिला हात फक्त रेघ ओढायला, दुसरा जरा खोल, तिसरा आरपार. एकाच दमात पार करायला जाणारा माणूस बोर्डही नासवतो आणि बोटही. कटरचं पातं एकच टप्पा बाहेर, लांब काढलं की थरथरतं. कोपऱ्यापर्यंत एका बाजूनं जायचं नाही, दोन्ही टोकांकडून मध्यावर यायचं, म्हणजे चौकट फाटत नाही.

स्वानंदीनं कुरिअरनं हिरवी कटिंग मॅट आणि दहा नव्या पात्यांची डबी पाठवली. मॅट चांगली आहे. डबी ड्रॉवरमध्ये टाकली. कटरचं जुनं पातंच मी गच्चीवरच्या ग्राइंडरवर घासून परत धारदार केलं. वस्तऱ्यासारखं झालं. इंदिरा म्हणाली, "डबीतलं घ्या की, पोरीनं पाठवलंय." मी म्हटलं, "नवीन बसवणं कोणालाही येतं."

९ सप्टेंबर

सावळीरामचा फोन. मॉडेलचे फोटो ग्रुपवर टाकलेत, सगळे वेडे झालेत म्हणे. मग म्हणाला, "आणि एक गोड बातमी. धोंडीराम येतोय लासलगावहून! पत्ताच नव्हता इतकी वर्षं. राजीनामा देऊन गेला तो गेलाच होता."

मी "हो का, वा" म्हटलं.

धोंडीराम प्रेसवर, पत्रा ठोकून आकार देणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर होता. ब्याण्णव साली त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. पायडलवर दुसऱ्यांदा पाय पडला, प्रेस खाली आला आणि हात डायमध्ये, खालच्या साच्यात होता. चौकशी झाली, तसा रिपोर्टही आला. पुढे बाजार समितीच्या गेटवर लागला म्हणे, कांद्याचे ट्रॅक्टर आत-बाहेर सोडायला. माणूस चांगला, पण घाईचा होता. घाईचा म्हणजे, तसा घाईचाही नव्हता. असो.

छप्पर लावायचं होतं, लावलं नाही. उन्हात जरा पडून राहिलो.

१२ सप्टेंबर

डाव्या हातानं वही धरता येत नाही म्हणून ओळ वाकडी होतेय. चार टाके.

छपराचे दाते कापत होतो. जाड बोर्ड, पट्टी स्टीलची, मॅट खाली, सगळं नियमात. फक्त डाव्या हाताची तर्जनी पट्टीच्या कडेबाहेर एक सूतभर आली होती. तिसऱ्या हाताला पातं मध्येच अडखळलं, मी जोर दिला, ते मुडपलं आणि पट्टीवरून उडी मारून बोटावर आलं. छत्तीस वर्षांत मला एकदाही टाका पडला नव्हता! टूलरूममध्ये त्याची पैज लागायची.

इंदिरेनं नळाखाली हात धरला, फडकं दाबलं, रिक्षा बोलावली, सगळं बडबडत. "डबी आणून दिली तर ड्रॉवरमध्ये! नवीन बसवणं कोणालाही येतं म्हणे! आता घ्या!" डॉक्टरांनी विचारलं, पातं गंजलेलं होतं का? मी म्हटलं, माझ्या हाताची धार होती साहेब. डॉक्टर म्हणाले, दिसतंय.

घरी आल्यावर ते पातं उजेडात धरलं. टोकाकडे निळसर झाक आहे. झक मारली मी. ग्राइंडरवर घासताना पातं तापलं आणि त्याचं पाणी उतरलं. पोलादाला पाणी देतात, म्हणजे लाल करून तेलात बुडवतात, तेव्हा ते कडक होतं. परत तापलं की तो कडकपणा जातो. वरून धार दिसते छान, आतून पोलाद मऊ. पहिल्या वर्षाच्या अप्रेंटिसला हे शिकवतात. मी दोनशे पोरांना शिकवलंय.

त्या निळ्या झाकेकडे फार वेळ बघत बसलो होतो. इंदिरेनं दोनदा हाक मारली.

१५ सप्टेंबर

आज लिहितो. लिहायला बसलोय तर खरं लिहावं.

लाल प्रेसला आम्ही लाल म्हैस म्हणायचो. पायडल एकदा दाबला की प्रेस एकदाच खाली यायचा आणि वर जाऊन थांबायचा. थांबायचा तो क्लचमधल्या एका चावीमुळे, तळहाताएवढा पोलादी तुकडा. त्या चावीचा कोपरा झिजला की मशीन डबल मारतं. म्हणजे पाय न लावता आपोआप दुसऱ्यांदा खाली येतं.

फेब्रुवारी ब्याण्णव. पहिल्या पाळीच्या ऑपरेटरनं मला सांगितलं, मिस्तरी, एकदा डबल मारलं. मी क्लच उघडला. चावीचा कोपरा गोल झाला होता. नवी चावी पुण्याहून यायला चार दिवस आणि माल तर उद्या जायचा. मी त्याच चावीवर वेल्डिंगचा थर दिला आणि घासून कोपरा परत काढला. इतका सुंदर काढला की टूलरूमभर फिरून दाखवला. वेल्डिंगच्या उष्णतेनं तिचं पाणी उतरलेलं होतं. परत पाणी द्यायचं तर भट्टी पेटवायला हवी, दोन तास. मी दिलं नाही. सुपरवायझरनं विचारलं, चालेल? मी म्हटलं, दहा वर्षं चालेल.

तीन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या पाळीला धोंडीराम होता. त्याला डबल मारल्याचं कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

त्याला गाडीत घालून नेलं, सगळी शेड फाटकाकडे धावली. मी प्रेसकडे गेलो. क्लच उघडला. कोपरा चिखलासारखा बसला होता. शेजारी एक बंद पडलेला प्रेस होता, त्यातली चावी काढून यात बसवली. वीस मिनिटं लागली. म्हणजे ती चावी तीन दिवसांपूर्वीही वीस मिनिटांत बसली असती. भंगारातलं काढून लावणं मला कमीपणाचं वाटलं होतं. रजिस्टरमध्ये लिहिलं, मशीन तपासले, ठीक. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरनं दोनशे वेळा प्रेस चालवून बघितला, एकदाही डबल मारला नाही. ऑपरेटरचा पाय दुसऱ्यांदा पडला, असा रिपोर्ट झाला.

मी दवाखान्यात गेलो होतो त्याला बघायला. हात एवढा मोठा गुंडाळलेला. म्हणाला, "माझाच पाय पडला, मिस्तरी." मी म्हटलं, "होतं असं."

होतं असं. तेवढेच दोन शब्द बोललो. मग मोसंब्यांची पिशवी ठेवून आलो.

२० सप्टेंबर

बोटामुळे आता इंदिरा कापते आणि मी सांगतो. पहिल्यांदा घाबरली. मी म्हटलं, पातं तिरकं धर, उभं नको. पट्टी धरणाऱ्या बोटांची नखं कडेपासून आत. कापते त्या रेषेत आपला दुसरा हात येता कामा नये. उठायचं असेल तर आधी पातं आत. तिनं डबीतलं नवीन पातं बसवलं, जुना तुकडा पक्कडीनं मोडून औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकला. बाटली बरोब्बर माझ्यासमोर ठेवली. हात काय सरळ आहे तिचा! पोळ्या लाटणाऱ्या मनगटाला जोर कुठे द्यायचा ते ठाऊक असतं बहुतेक.

शेवटचा दाता कापताना म्हणाली, "त्या कोपऱ्यात प्रेस लावायचे नाहीत का? बाकी लेथवरचा दिवासुद्धा केलात तुम्ही."

का कोण जाणे, सांगून टाकलं. सगळं, पंधरा तारखेला लिहिलं तसंच. ती कापत राहिली. रेघ पूर्ण केली, पातं आत घेतलं, कटर खाली ठेवलं.

"तेव्हा तुम्ही आठ दिवस धड जेवला नव्हता," म्हणाली. "मी शेजारणींना सांगायचे, आमचे हे किती मऊ मनाचे आहेत."

मी मॅटवरचे कापलेले तुकडे गोळा करायला लागलो.

"अजून त्याला वाटतं त्याचाच पाय?"

"असणार."

"तेहतीस वर्षं?" मग उठली. आतून आवाज आला, "तुम्ही सांगताय, की मी फोन लावू?"

मी म्हटलं, पूजेच्या दिवशी बाजूला घेऊन सांगतो. शप्पथ म्हटलं. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

२६ सप्टेंबर

प्रेस केले. दोन. बंद पडलेला राखाडी आणि लाल म्हैस. टाके निघालेत पण बोट बधिर आहे. बाल्साचे एवढे एवढे तुकडे चिमट्यानं धरून कापले. लाल रंगाचे दोन हात दिले. पायडल तारेचा केला. जागेवर चिकटवताना फेव्हिकॉल सुकेपर्यंत दाबून धरावं लागतं, तेवढा वेळ तिथे बोट ठेवून बसलो.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

लिहायला नको वाटतंय. पण लिहितो.

सकाळी दहाला शेडमध्ये गेलो. आत एकही मशीन नाही, फक्त जमिनीवर त्यांच्या पायांचे चौकोन. तरी प्रत्येक जण आपापल्या चौकोनावर जाऊन उभा राहिला, कोणी न सांगता. नांदगावचा भजनवाला वारला, त्याची बायको आली होती, तिला तिसऱ्या लेथचा चौकोन आम्ही दाखवला. तिनं तिथे हळदकुंकू वाहिलं. मशीन नाहीत तर पूजा कशाची करायची? मग सावळीराम म्हणाला, मॉडेलचीच करू. टेबलावर मॉडेल, त्याला झेंडूच्या माळा, पुढे माझे सातही चाकू मांडले. करवती छपरातून आतली रांग दिसत होती. पन्नास-साठ माणसं वाकून वाकून आपली जागा शोधत होती. "हा बघ, हा मी!" नातवंडांना दाखवत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, लाज नाही वाटली.

मग धोंडीराम आला. पांढरी टोपी, केस पिकलेले, हसणं तेच. उजवा हात खिशात नाही, लपवलेला नाही, सरळ पुढे. अंगठा आणि करंगळी. त्याच हातानं माझा हात धरला. "मिस्तरी! लय बारीक झाले तुम्ही." मग मॉडेलवर वाकला.  त्यानं बरोब्बर वायव्य कोपरा गाठला.

"अरे ही तर माझी लाल म्हैस! पायडलसुद्धा केलाय!"

पोरं गोळा झाली होती, त्यांना सांगायला लागला. "हिनं माझी बोटं खाल्ली. पण मशीन लय गुणी होतं बरं का, दोष तिचा नाय. माझाच पाय चुकला. आमच्या घराण्याचा पायच ठिकाणावर नाय! पोराला, राकेशला, आयटीआय करायचं होतं, फिटर व्हायचं होतं. लय रडला. नाय घातला मी. म्हटलं, आपल्या रक्तात धांदरटपणा हाय, मशीनजवळ जायचं नाय. आता पुण्याला गोडाऊनमधी खोकी उचलतो." आणि हसला. सगळे हसले, प्रेमानंच हसले.

मी बाजूला घेणार होतो त्याला. पुढे सरकलोही होतो. तेवढ्यात सावळीरामनं माइक घेतला, माझं नाव पुकारलं. शाल, श्रीफळ. "ज्यांच्या हाताखालून गेलेलं मशीन कधी दगा देत नव्हतं असे आपले मिस्तरी!" टाळ्या. धोंडीराम तळहात आणि मनगट आपटून वाजवत होता.

मी शाल घेतली.

इंदिरा कोपऱ्यात उभी होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. रिक्षात सगळा रस्ता बाहेर बघत होती. घरी आल्यावर नारळ माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "हा मी फोडणार नाही."

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळच्या एसटीनं लासलगावला गेलो. एकटा. इंदिरा येते म्हणाली नाही, मीही म्हटलं नाही. दसऱ्याला सोनं द्यायला कोणीही कोणाकडे जाऊ शकतं, कारण सांगावं लागत नाही. आपट्याची पानं खिशात होती.

धोंडीरामचं घर मार्केट यार्डाच्या मागे, दोन खोल्या आणि पुढे पत्रा. यार्डाला सुट्टी, तरी हवेत कांद्याचा वास होताच. मला बघून तो इतका खूश झाला की काय सांगू. "सुले! ए, मिस्तरी आलेत! कालचे शालवाले!" सुलाबाई बाहेर आल्या, पदर सावरत, "या, बसा. च्या ठेवते." गुडघे दुखतात म्हणून काल आल्या नव्हत्या. त्या आत गेल्या. धोंडीरामनं खुर्ची पुसली. मी पानं दिली, त्यानं माझ्या पायाला हात लावला. मला नको नको झालं.

मी म्हटलं, "धोंडीराम, बस. ऐकायचंय तुला." आणि सांगितलं. वाटेत पाठ केलं होतं तसं नाही आलं, उलटसुलट आलं. आधी भंगारातली चावी, मग वेल्डिंग, मग पहिल्या पाळीवाल्यानं सांगितलं होतं ते. रजिस्टर. इन्स्पेक्टर. दवाखान्यात मी काय म्हणालो ते.

तो डाव्या हातानं उजव्या हाताची करंगळी धरून बसला होता. मी थांबलो तेव्हा म्हणाला, "म्हंजे म्हशीनं डबल मारलं?"

"हो."

"मी एकदाच दाबलेला?"

"एकदाच."

"पाय माझा नव्हता?"

"नव्हता, धोंडीराम."

त्यानं पायाकडे बघितलं. उजव्या. खूप वेळ. मग ओरडला, "सुले, इकडं ये! इकडं ये आधी!" त्या दारातच होत्या, हातात गाळणं. सगळं ऐकलं होतं त्यांनी. धोंडीराम म्हणाला, "ऐकलं का? पाय माझा नव्हता." हसत होता की रडत होता ते मला कळलं नाही, त्यालाही कळत नसावं.

सुलाबाई माझ्याकडे बघत होत्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "हा माणूस झोपेत उजवा पाय आखडून घेतो. रोज. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, त्यातली तेहतीस. मी धरून ठेवते पाय, मग झोपतो. तुम्हाला हे कोण सांगणार म्हणा."

मी हात जोडले. काय बोललो आठवत नाही. चुकलो म्हटलं असेल.

"च्या झालाय," त्या म्हणाल्या. "पण तो मी तुम्हाला नाय द्यायची. आज नाय. आणि तुम्ही बसू पण नका आता."

धोंडीराम म्हणाला, "अगं, दसरा हाय." त्या म्हणाल्या, "असू दे." धोंडीराम माझ्या बाजूनं पुढे काही बोलला नाही. बोलावं अशी माझी लायकीही नव्हती, तरी मी दोन क्षण वाट बघत उभा राहिलो, हेही लिहून ठेवतो. मग निघालो. तो सोडायला उठला नाही.

पायऱ्यांशी चपला घालत होतो. बोट बधिर आहे म्हणून पट्टा अडकत नव्हता, वेळ लागला. आतून त्याचा आवाज आला. फोन लावला होता, कानाला कमी ऐकू येतं म्हणून मोठ्यानं बोलत होता.

"राकेश? जेवला का? ... नाय, काय नाय झालं, आम्ही बरे हाय. ऐक. तुझी आई पण इथंच हाय, ती पण ऐकतीय. त्या मशीनचं सांगायचंय. ... हां, तेच. पाय माझा नव्हता रे पोरा. आपला पाय ठिकाणावर होता."